ठमीचं बाळंतपण

बुधवार, ११ तारीख, संध्याकाळी सहा

पोरी,

आधी ‘चिरंजीव’ लिहिलं, खोडलं. मग ‘प्रिय’ लिहिलं, ते आणखीच परकं वाटलं म्हणून तेही खोडलं. तो कागद फाडला आणि हा दुसरा घेतला. माझी पोरगी म्हणवून घ्यायला तू तयार आहेस की नाही ठाऊक नाही, पण हाक मारल्याशिवाय पत्र सुरू होत नाही, तेव्हा चालवून घे.

मी तुझ्या गावात आले आहे. दचकू नकोस, बॅग घेऊन दारात उभी राहणार नाही. बसस्टँडमागच्या लॉजमध्ये उतरले आहे. खोलीत एक पंखा आहे, तो माझ्याइतकीच कटकट करतो. ‘फोन करायचा नाही, काय ते लिहून कळव,’ असं लग्नानंतर तूच म्हणाली होतीस. चार वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही, तो भाग वेगळा. हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्या इमारतीच्या जिन्याखाली पेट्या आहेत, त्यात स्वतः टाकेन. पेट्या आहेत हे मला कसं कळलं, ते विचारू नकोस.

इथल्या प्राणिसंग्रहालयाने मला कामासाठी बोलावलं आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी बोलावणं येतं, म्हणजे तुझी आई अगदीच टाकाऊ नाही. तू नेमकी याच गावात आहेस, हा निव्वळ योगायोग.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. काम नसतं तरी आले असते असं म्हणत नाही; पण काम आलं तेव्हा मी हो म्हणायला दोन सेकंदसुद्धा घेतले नाहीत, आणि ती घाई काही कामासाठी नव्हती. तुझ्या सासूबाईंनी मावशीला कळवलं आणि मावशीने मला. मुलगा झाला, अडीच महिन्यांचा आहे, वजन छान आहे. आपला नातू झाल्याचं आपल्याला तिसऱ्या तोंडून कळावं, याचा मला राग आला. मग लगेच लाज वाटली. रागवायचा हक्क मी कधीच घालवून बसले आहे.

आता काम काय ते सांगते. ठमीला बाळ झालं आहे.

हो, तीच ठमी. कागद चुरगाळायचा असेल तर इथेच चुरगाळ. आपल्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत दीड वर्ष माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं ते लाल केसांचं ओरांगउटानचं पिल्लू आता चौदा वर्षांचं धूड झालंय. सहा वर्षांपूर्वी तिला आमच्या प्राणिसंग्रहालयातून इथे हलवलं. रविवारी पहाटे ती बाळंत झाली. बाळ धडधाकट आहे, पण ही त्याला ठेवून घेत नाही. तासभर छातीशी धरते, पाजते आणि मग उचलून खिडकीपाशी आणून ठेवते, आपण बाजूला होते. माणसं बाळ घेतात, बाटलीने दूध देतात, पुन्हा आत ठेवतात. ही पुन्हा आणून ठेवते. शुक्रवार सकाळपर्यंत वाट बघायची, नाहीतर बाळ कायमचं काढून घेऊन माणसांच्या हाती वाढवायचं, असं इथल्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं आहे. म्हणजे आणखी एक ठमी.

‘हिला आई मिळाली नाही, हिला आईपण कुठून येणार?’ असं सगळे म्हणतात. माझ्या तोंडावर म्हणाले नाहीत. पण फोनवर डॉक्टरीणबाई जरा अडखळत बोलल्या, त्यावरून मला कळलं.

उत्तराची वाट बघत नाही. लॉजचा पत्ता मात्र मागे लिहिला आहे.

तुझी आई

गुरुवार, १२ तारीख, सकाळी दहा

पोरी,

पाणघोड्यासमोरच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, घामाने वही हाताला चिकटते. इथली हवा म्हणजे ओलं फडकं अंगावर टाकल्यासारखी आहे. झाडांवर वटवाघळं लोंबकळताहेत, ती दिवसाढवळ्या एकमेकांशी भांडताहेत.

कामगारांच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. यादीत माझं नाव नव्हतं. मी म्हटलं, ‘अहो, मला डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय.’ तो म्हणाला, ‘मावशी, सगळे असंच सांगतात. तिकीट काढून पुढच्या दाराने या.’ डॉक्टरीणबाईंना फोन लावला असता तर मिनिटात काम झालं असतं. नाही लावला. मुकाट्याने रांगेत उभी राहिले आणि तिकीट काढलं. उभा जन्म प्राण्यांत काढून आज पहिल्यांदा प्राणी बघायला आलेली बाई म्हणून आत शिरले.

आणि अर्धा तास नुसती भटकते आहे. पाय ठमीकडे वळतच नाहीत. सुसरीपाशी एक गृहस्थ मुलाला ठामपणे सांगत होते, ‘ही खोटी आहे, प्लास्टिकची.’ सुसरीने डोळा उघडला, तर म्हणाले, ‘मशीन आहे आत.’ मला हसू फुटलं. पुढच्याच पिंजऱ्यापाशी एक बाई माकडांना वेफर्स फेकत होती, तिच्यावर मी अशी ओरडले की तिची दोन्ही पोरं रडायला लागली. मग वाईट वाटलं. मोर बघून आनंद झाला, एवढ्याशा पिंजऱ्यात कोल्हा गोल गोल फिरत होता, आणि मी स्वतः तेच करते आहे हे लक्षात आल्यावर इथे येऊन बसले.

काल ‘विचारू नकोस’ म्हणून झाकलं ते निस्तरते. काल दुपारी बसमधून उतरल्यावर लॉजवर जायच्या आधी मी तुझ्या गल्लीत आले होते. समोरच्या शिंप्याच्या दुकानापाशी उभी होते. तू बाल्कनीत कपडे वाळत घालत होतीस, बाळ खांद्यावर होतं. पिवळं दुपटं, त्यावर बदकं. एक मूठ बाहेर आली होती. तू काय घातलं होतंस, कशी दिसत होतीस, काही म्हणता काही आठवत नाही; माझे डोळे त्या मुठीवर खिळले होते. शिंपी म्हणाला, ‘काय पाहिजे काकू?’ मी म्हटलं, ‘काही नाही, उसवलंय ते बघते.’ आणि जिन्याखाली पेट्या कुठे आहेत ते बघून निघाले.

मी तिथे का आले होते तेही सांगेन. आत्ता नाही. अकरा वाजायला आले, आता गेलंच पाहिजे.

गुरुवार, दुपारी साडेबारा

आत आले. ठमीची राखण करणारे एक गृहस्थ आहेत, आधी शाळेत शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. फाटकावर माझं नाव राहिलं ते त्यांच्याच हातून, म्हणून दहा वेळा माफी मागितली. तोंडाला मास्क बांधला, बूट लाल औषधाच्या पाण्यात बुडवले. मग ते वहीत बघून विचारायला लागले, ‘ताई, सर्दी? खोकला? ताप? घरात कुणाच्या अंगावर पुरळ?’

नाही, म्हटलं. आणि तिथेच भिंतीला धरून उभी राहिले.

आपण सगळ्यांना काय सांगत आलो? मावशीच्या गावची शाळा चांगली, म्हणून नववीत तुला तिकडे ठेवलं. मी ते इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं. खरं असं की तुझ्या अंगावर कांजिण्यांचे पहिले चार फोड दिसले आणि मी तुला त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं, कारण मागच्या खोलीत पाच महिन्यांची ठमी होती आणि माणसाचा रोग त्यांना झटकन लागतो. एकशे दोन ताप होता तुला. मावशी रिक्षा घेऊन आली. तू विचारलंस, ‘तिलाच का नाही पाठवत?’ मी म्हटलं, ‘तिला कोण आहे?’

तीन आठवड्यांनी आणायला आले तेव्हा तू मावशीच्या न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेतलीस. मी दोन तास बाहेर बसले आणि ठमीच्या दुधाची वेळ झाली म्हणून उठून गेले. पुढच्या वेळी तू न्हाणीघरात गेली नाहीस. नुसती म्हणालीस, ‘मी इथेच बरी आहे.’ तुझे बाबा असते तर असं झालं नसतं म्हणायची सोय आहे. पण ते गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, आणि त्यांच्या नावावर हे खपवणं बरं नव्हे.

मास्तर आत बोलावताहेत.

गुरुवार, संध्याकाळी पाच

सगळं क्रमाने सांगते.

ठमीची बाळंतिणीची खोली आपल्या स्वयंपाकघराएवढी आहे. एका बाजूला काच, ती हिरव्या कापडाने झाकून ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लावली आहे. आपल्या बाजूला जाळी, त्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर जेवण सरकवायची खिडकी आणि फळी. डॉक्टरीणबाईंनी मला कोपऱ्यात अंधारात बसवलं, तिने ओळखू नये म्हणून. आत पोत्यांच्या ढिगावर ती बसली होती. केवढी झाली आहे गं! हात माझ्या दोन्ही हातांएवढे, आणि त्या केसांत एवढंसं डोकं.

मास्तर कौतुकाने सांगत होते, ‘ताई, अहो, हिच्याइतकं प्रामाणिक जनावर नाही इथे. लोकांच्या टोप्या पडतात, मोबाइल पडतात, एकदा एका आजोबांची कवळी पडली. आपणहून आणून देते. आणि पोटच्या पोराच्या बाबतीत बघा!’

मी मान हलवली. तेवढ्यात ठमी उठली. बाळाला उचललं, तीन पायांवर खिडकीपाशी आली, त्याला फळीवर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं; उताणं, डोकं वर करून. मग बोटाच्या पेराने लोखंडावर दोनदा टकटक केलं आणि तळवा पुढे केला.

मास्तरांनी तिच्या हातावर खजूर ठेवला. ‘बाळंतीण आहे बिचारी, तोंड गोड करतो,’ म्हणाले.

मी कोपऱ्यातून किंचाळलेच.

सुट्टीत चार दिवस घरी यायचीस तेव्हाचं तुला आठवत असेल. तुझी कंपासपेटी, माझा चष्मा, घराच्या किल्ल्या, जे दिसेल ते ठमी पळवायची. हिसकावून घ्यायला गेलं की चावायची. म्हणून मी तिला शिकवलं होतं: वस्तू आणायची, फळीवर ठेवायची, दोनदा टकटक करायची, खजूर घ्यायचा. ‘आण, दे, घे.’ महिनाभर रोज शिकवलं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्याचा खास उल्लेख केला होता, मी मान ताठ करून बसले होते.

‘ती बाळ टाकत नाही हो,’ मी म्हटलं. ‘ती परत करते आहे. तिच्या लेखी कुणाची तरी वस्तू आत पडली आहे. आणि तुम्ही रविवारपासून रोज दहा वेळा तिला शाबासकी देताय!’

मास्तरांनी खजुराची पिशवी खाली ठेवली. डॉक्टरीणबाईंनी आधी मास्तरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मास्तरांना मी बोलले खरी, पण शिकवण माझी होती. त्यांनी ती इमानाने पाळली, एवढाच त्यांचा गुन्हा.

मग ठरलं ते असं. बाळ एकदा आत ठेवायचं आणि खिडकी बंद करायची. पुन्हा कुणी बाळ घ्यायचं नाही. खजूर द्यायचा तो पलीकडच्या बाजूने, आणि बाळ छातीशी असेल तेव्हाच. ती कितीही वेळा टकटक करो.

खिडकी बंद झाली. तिने टकटक केलं. थांबली. पुन्हा केलं. आणि मग तिने कोपऱ्यात बघितलं. मी किंचाळले होते ना, मास्क असो की अंधार, आवाज ओळखला तिने. बाळाला घेऊन ती थेट माझ्यासमोर जाळीपाशी आली. या वेळी टकटक नाही, तळवा पुढे नाही. नुसतं बाळ जाळीला टेकवून माझ्याकडे धरलं. सहा वर्षांत मी तिला भेटले नव्हते, आणि तिला वाटलं की पोर द्यायचं तर हिच्याकडे.

माझे हात वर गेले. खोटं सांगत नाही, गेलेच. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, ‘ताई, आता तुम्ही वळा.’

मी पाठ फिरवली. समोर भिंतीवर खराटे टांगले होते, त्यांच्याकडे बघत उभी राहिले. मागे बाळ रडायला लागलं. ते असं रडतं की माणसाचं की कुणाचं हा प्रश्नच पडत नाही. मला वाटलं, वळावं, घ्यावं, सगळ्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं. किती वेळ गेला माहीत नाही. मग रडणं एकदम दबलं, केसांत तोंड खुपसल्यासारखं. मास्तर माझ्या कानाशी पुटपुटले, ‘घेतलं वर. पाजते आहे.’ मी न वळताच बाहेर आले आणि हात धुवायच्या नळापाशी उभी राहून भोकाड पसरलं. शाळेच्या सहलीची रांग समोरून जात होती, मुलं बघत होती. बघेनात का.

शुक्रवार, १३ तारीख, सकाळी अकरा

पोरी,

मास्तरांचा फोन आला. रात्रभर बाळ छातीशी होतं, सहा वेळा पाजलं. एकदाच फळीपाशी गेली, आणि बाळ खाली न ठेवता परत फिरली. दोन-तीन दिवस गेल्याशिवाय खात्री नाही, पण आजचा बाटलीचा बेत रद्द झाला. मी पुन्हा तिकडे जायचं नाही असं ठरलं. मी दिसले की ती द्यायला धावेल. हे मीच सुचवलं आणि सुचवून झाल्यावर मला फार वाईट वाटलं.

आता राहिलेलं सांगते. खाई त्याला खवखवे म्हणतात, तीन दिवस नुसतं खवखवतं आहे.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी फोन केला तेव्हा म्हणाल्या, अंगावर पाजणारी एखादी बाई काचेपलीकडे रोज तासभर बसली तर अशा माद्या बघून शिकतात, तसं कुठे कुठे केलं आहे. मी पटकन म्हणाले, ‘माझी मुलगी तिथेच आहे की! अडीच महिन्यांचं बाळ आहे.’ अभिमानाने म्हणाले गं. बुधवारी तुझ्या गल्लीत आले ती हे विचारायला. चार वर्षांनी तुझ्या दारात यायचं आणि मागायचं काय, तर तू ठमीसमोर बसून पोराला पाज. वाक्य तयार होतं माझं. ‘बघ, तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार नाही,’ इथपर्यंत पाठ केलं होतं. शिंप्याने काय पाहिजे विचारलं आणि माझं मलाच ऐकू आलं. काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘मुलगी येणार का?’ मी म्हटलं, ‘मी तिला विचारलं नाही आणि विचारणार नाही.’

हे लिहायची गरज नव्हती. तुला कधीच कळलं नसतं. पण माझ्याबद्दल तुला जे वाईट ठाऊक आहे त्यात एवढंच कमी होतं, तेही असू दे.

तुझी प्रगतिपुस्तकं, चित्रं, पहिला पडलेला दात, सगळं तू माझ्यापाशी आणून द्यायचीस. मी शाबास म्हणायचे, एक गोळी हातावर ठेवायचे, आणि कामाला लागायचे. रात्री उगाच हे आठवत बसले होते. उगाच नव्हे.

उद्या दुपारी दीडची बस आहे. वरातीमागून घोडं आहे हे कळतं मला, तरी एक मागते. घरात नको बोलावूस. उद्या बारा वाजता बाळाला घेऊन पाच मिनिटं बाल्कनीत उभी राहा. मी शिंप्याच्या दुकानापाशी असेन. हाक मारणार नाही, हात हलवणार नाही. त्याचं तोंड तेवढं रस्त्याकडे कर. एकदा डोळे भरून बघते आणि जाते.

आई

शनिवार, १४ तारीख, सकाळी

आई,

तिन्ही पत्रं मिळाली. हे यांच्या हाती लॉजवर पाठवते आहे.

ठमीसमोर मी आले नसते. विचारलं असतंस तर दार लावलं असतं आणि पुन्हा उघडलं नसतं. विचारलं नाहीस ते बरं केलंस. सांगितलंस तेही बरं केलंस. कांजिण्यांचं मात्र पत्रात लिहून भागणार नाही. तोंडाने सांगावं लागेल.

बारा वाजता मी बाल्कनीत उभी राहणार नाही.

अडीच महिने रोज कुणी ना कुणी बाळ बघायला येतं. त्याचं नाक कुणावर गेलं ते ठरवतात, चहा पितात, जातात. बुधवारी तूही त्याची मूठ बघून गेलीस. मी गाऊनवर शाल घेऊन उभी होते, भर उन्हात, कारण मला ताप होता. टाके अजून दुखतात. रात्री झोप नाही. परवा भांडी घासताना रडायला लागले ते थांबेचना. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही.

त्याला बघायला येणार असलीस तर येऊ नकोस. मला बघायला येणार असलीस तर ये.

दोन ते चार तो झोपतो. बेल वाजवू नकोस.